पॅट्रिक ब्लॅकेट

पॅट्रिक मेनार्ड स्टुअर्ट ब्लॅकेट (१८ नोव्हेंबर १८९७ – १३ जुलै १९७४) हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ होते. बाष्पकोठीच्या तंत्राचा विकास आणि त्याच्या साहाय्याने अणुकेंद्रीय भौतिकी व विश्वकिरण या क्षेत्रांत लावलेले शोध यांसाठी त्यांना १९४८ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रे व त्यांचा वापर यांचा गणिती अभ्यास करून उपलब्ध साधनांतून अधिकाधिक परिणाम कसा साधावा, हे शोधणाऱ्या संक्रियात्मक संशोधन या शाखेच्या प्रमुख संस्थापकांत त्यांची गणना होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत ते भारत सरकारचे संरक्षणविषयक सल्लागार होते.

प्रारंभिक जीवन आणि नौदल

ब्लॅकेट यांचा जन्म लंडनमधील केन्सिंग्टन येथे झाला. वडील आर्थर स्टुअर्ट ब्लॅकेट हे शेअर दलाल होते. वयाच्या तेराव्या वर्षी, १९१० मध्ये, ब्लॅकेट ऑझबर्न येथील नौदलाच्या शाळेत आणि तेथून दोन वर्षांनी डार्टमथ येथे दाखल झाले. पहिले महायुद्ध सुरू होताच या शाळेतील मुलांना थेट युद्धनौकांवर पाठवण्यात आले. डिसेंबर १९१४ मधील फॉकलंड बेटांच्या लढाईच्या वेळी ते कार्नार्व्हन या नौकेवर होते, तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा होते.

३१ मे १९१६ रोजी झालेल्या जटलंडच्या लढाईत ते बारहॅम या युद्धनौकेवर होते. क्वीन मेरी ही ब्रिटिश नौका जेथे स्फोट होऊन बुडाली, त्या जागेवरून बारहॅम गेली. तेथे पाण्यावर तेलाचा तवंग आणि त्यात तरंगणारी मोजकी माणसे एवढेच उरले होते. ब्रिटिश तोफखान्याच्या उणिवा या लढाईत त्यांना जवळून दिसल्या. पुढे तोफांच्या नेमबाजीसाठी एक उपकरण तयार करण्यात त्यांचा वाटा होता आणि नौदल खात्याने त्याचे पेटंट घेतले. शस्त्राच्या परिणामाकडे आकड्यांच्या नजरेने पाहण्याची त्यांची सवय प्रयोगशाळेपेक्षा जुनी होती, असे यावरून म्हणता येते.

केंब्रिज

युद्धामुळे ज्यांचे शिक्षण अर्धवट राहिले होते अशा तरुण अधिकाऱ्यांना नौदलाने जानेवारी १९१९ मध्ये काही महिन्यांच्या सामान्य अभ्यासासाठी केंब्रिजला पाठवले. ब्लॅकेट यांनी कॅव्हेंडिश प्रयोगशाळा पाहिली आणि थोड्याच दिवसांत नौदलाची नोकरी सोडून गणित व भौतिकशास्त्र शिकण्याचे ठरवले. १९२१ मध्ये पदवी घेऊन ते अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या हाताखाली संशोधन करू लागले.

रदरफर्ड यांनी त्यांना बाष्पकोठीवर काम दिले. बाष्पकोठीत विद्युत्भारित कण ज्या मार्गाने जातो त्या मार्गावर पाण्याचे सूक्ष्म थेंब जमतात आणि त्या रेषेचे छायाचित्र घेता येते. ब्लॅकेट यांनी यंत्र स्वयंचलित करून सुमारे २३,००० छायाचित्रे घेतली. त्यांत अल्फा कणांचे सुमारे ४,१५,००० मार्ग उमटले होते आणि ते सर्व तपासल्यावर त्यांतील केवळ ८ मार्ग वेगळ्या प्रकारे दुभंगलेले आढळले. नायट्रोजनच्या अणुकेंद्राने अल्फा कण गिळंकृत करून एक प्रोटॉन बाहेर टाकला होता आणि त्याचे ऑक्सिजनमध्ये रूपांतर झाले होते. एका मूलद्रव्याचे दुसऱ्यात रूपांतर होतानाचे हे पहिले छायाचित्रित पुरावे १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

१९२४ मध्ये कॉन्स्टान्झा बायॉन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगी व एक मुलगा झाला. १९३२ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ जुझेप्पे ऑक्यालिनी यांच्यासह त्यांनी अशी योजना केली की विश्वकिरण कोठीतून जाताच गणित्रांच्या संकेताने छायाचित्र आपोआप घेतले जाई. किरणानेच स्वतःचे छायाचित्र काढावे, अशी ही युक्ती होती. तिच्या साहाय्याने १९३३ मध्ये त्यांनी पॉझिट्रॉनच्या अस्तित्वाला भक्कम पुष्टी दिली, मात्र मूळ शोधाचा मान अमेरिकेतील कार्ल अँडरसन यांचा आहे. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य आणि लंडनच्या बर्कबेक कॉलेजात प्राध्यापक झाले. १९३७ मध्ये ते मँचेस्टर विद्यापीठात गेले.

टिझर्ड समिती

१९३५ मध्ये हवाई संरक्षणाच्या शास्त्रीय अभ्यासासाठी हेन्री टिझर्ड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीत ब्लॅकेट यांचा समावेश होता. राजकीय मतांनी ते डावे होते आणि नाझींविरुद्ध शस्त्रसज्जता आवश्यक आहे असे त्यांचे मत होते. रडारच्या विकासाला या समितीने अग्रक्रम दिला. चर्चिल यांचे निकटवर्ती फ्रेडरिक लिंडमन समितीवर आल्यावर अग्रक्रमावरून तीव्र मतभेद झाले. १९३६ मध्ये ब्लॅकेट व शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी राजीनामे दिले आणि लिंडमन यांना वगळून समिती पुन्हा नेमण्यात आली. या दोघांचा पुढचा संघर्ष याहून गंभीर ठरणार होता.

युद्धाच्या आरंभी फार्नबरो येथील संस्थेत त्यांनी हेन्री ब्रॅडिक यांच्यासह बॉम्बफेकीसाठी मार्क १४ हे नेम साधण्याचे यंत्र तयार केले. जुन्या यंत्राला विमान बराच वेळ सरळ व समपातळीत उडवावे लागे आणि त्या काळात ते विमानविरोधी तोफांचे सोपे लक्ष्य होई. नव्या यंत्राने हा काळ बराच कमी झाला. ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांत ते मोठ्या प्रमाणावर वापरले गेले.

विमानविरोधी तोफा

ऑगस्ट १९४० मध्ये ब्लॅकेट विमानविरोधी दलाचे प्रमुख जनरल पाइल यांचे शास्त्रीय सल्लागार झाले. तोफांसाठी रडार येऊ लागले होते, पण नेम ठरवणारी गणकयंत्रे डोळ्यांनी दिसणाऱ्या विमानासाठी बनवलेली होती. रडारची ओबडधोबड माहिती त्या यंत्रांना कशी पुरवावी, हा प्रश्न होता. त्यासाठी ब्लॅकेट यांनी एक पथक जमवले. त्यात शरीरक्रियाशास्त्रज्ञ, गणिती, भौतिकशास्त्रज्ञ, एक खगोलभौतिकीतज्ज्ञ, एक भूमापक आणि एक लष्करी अधिकारी होते. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे अँड्र्यू हक्सली हे त्यांपैकी एक. तोफखान्याचा तज्ज्ञ जवळजवळ कोणीच नसलेल्या या मंडळींना सैन्यात ब्लॅकेटची सर्कस असे नाव पडले.

पथकाने परिणाम मोजण्यासाठी एक साधे माप घेतले : एक विमान पाडण्यासाठी किती गोळे खर्च होतात. लंडनवरील हल्ल्यांच्या सुरुवातीला हा आकडा २०,००० हून अधिक होता. पुढील उन्हाळ्यापर्यंत तो सुमारे ४,००० वर आला. या सुधारणेत नवी तोफ कोणतीच नव्हती. रडारच्या नोंदी कागदावर मांडण्याच्या सोप्या पद्धती, तोफचालकांचे प्रशिक्षण आणि साधनांची फेरवाटणी यांतून ती झाली. उदाहरणार्थ, चार-चार तोफांच्या जितक्या तुकड्या लंडनभोवती आखल्या होत्या तितके रडार संच उपलब्ध नव्हते. आंधळेपणाने गोळे उडवणाऱ्या तुकड्या तशाच ठेवण्यापेक्षा आठ-आठ तोफा एका संचाभोवती एकत्र करणे अधिक फायद्याचे, असा हिशेब पथकाने मांडला.

आकड्यांवर किती विश्वास ठेवावा याचाही धडा येथेच मिळाला. किनाऱ्यावरील तुकड्या आतल्या भागातील तुकड्यांपेक्षा कमी गोळ्यांत विमाने पाडतात असे नोंदींवरून दिसत होते. समुद्रावरील रडार अधिक अचूक असते काय, येथपासून अनेक तर्क लढवले गेले. उत्तर मात्र अगदी साधे निघाले. जमिनीवर पाडलेल्या विमानाचे अवशेष मोजता येत, समुद्रावरचा दावा पडताळून पाहता येत नसे.

पाणबुड्यांविरुद्धचे युद्ध

मार्च १९४१ मध्ये ब्लॅकेट हवाई दलाच्या किनारा विभागात आणि जानेवारी १९४२ मध्ये नौदल खात्यात गेले. ब्रिटनचे अन्न, इंधन आणि शस्त्रे अटलांटिक महासागर ओलांडून येत होती आणि जर्मन पाणबुड्या ती जहाजे बुडवत होत्या. हा पुरवठा तुटला तर युद्ध हरण्याची वेळ येईल, अशी परिस्थिती होती.

किनारा विभागाची विमाने पाणबुड्यांवर डेप्थ चार्ज टाकत. पाण्यात ठरावीक खोलीवर गेल्यावर हा बॉम्ब फुटतो. ती खोली १०० फुटांवर ठेवलेली होती. पाणबुडीला विमान सुमारे दोन मिनिटे आधी दिसते आणि तेवढ्या वेळात ती साधारण तितकी खोल जाते, असा त्यामागचा विचार होता. तो चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. ब्लॅकेट यांचे सहकारी, वेल्श भौतिकशास्त्रज्ञ ई. जे. विल्यम्स यांनी हल्ल्यांच्या नोंदी वेगळ्या रीतीने तपासल्या. जी पाणबुडी आधीच खोल गेली आहे ती पाण्याखाली कोणत्या दिशेने वळली हे वैमानिकाला कळत नाही, म्हणून ती बॉम्बच्या टप्प्यात सापडण्याची शक्यता नगण्य असते. जी अजून पृष्ठभागावर आहे किंवा नुकतीच बुडी मारत आहे तिचे स्थान नेमके ठाऊक असते, परंतु बॉम्बचा घातक टप्पा सुमारे २० फूटच असल्याने १०० फुटांवरचा स्फोट तिला काहीच करत नाही. म्हणजे जेथे नेम लागत होता तेथे खोली चुकत होती आणि जेथे खोली बरोबर होती तेथे नेम लागत नव्हता. यावर विल्यम्स यांनी सर्व लक्ष दुसऱ्या गटावर द्यावे आणि स्फोटाची खोली २५ फूट करावी, अशी शिफारस केली. त्या खोलीवर चालणारी कळ तयार होईपर्यंत मधले टप्पे वापरावे लागले. बदलानंतर हल्ल्यांचे यश कित्येक पटींनी वाढले. पकडलेल्या जर्मन नाविकांचा समज असा झाला होता की ब्रिटिशांनी अधिक शक्तिशाली स्फोटक शोधून काढले आहे.

विमानांच्या रंगाचा प्रश्नही असाच होता. यातील अनेक विमाने मुळात रात्रीच्या बॉम्बफेकीची असल्याने त्यांची खालची बाजू काळी होती. अटलांटिकच्या ढगाळ, उजळ आकाशात ती दुरून दिसे. पांढऱ्या रंगाने दिसण्याचे अंतर सुमारे एक-पंचमांशाने घटते असे आढळल्यावर विमाने पांढरी रंगवण्यात आली.

काफिल्यांचा आकार

व्यापारी जहाजे रक्षक नौकांच्या संरक्षणात काफिल्याने जात. फार मोठा काफिला धोक्याचा असतो, अशी नौदलात जुनी धारणा होती. ब्लॅकेट यांच्या पथकाने १९४१-४२ मधील नोंदी तपासल्या तेव्हा सरासरी ३२ जहाजांच्या काफिल्यांत २.५ टक्के जहाजे बुडालेली आढळली, तर सरासरी ५४ जहाजांच्या काफिल्यांत केवळ १.१ टक्का. एवढ्यावरून धोरण बदलणे पथकाला योग्य वाटले नाही. असे का व्हावे याचे कारण सापडल्याशिवाय शिफारस करायची नाही, असे त्यांनी ठरवले, कारण आकड्यांतला योगायोग येथे शेकडो नाविकांच्या जिवावर बेतू शकत होता.

कारण तीन टप्प्यांत सापडले. अफाट महासागरात काफिला पाणबुडीच्या दृष्टीस पडण्याची शक्यता त्याच्या आकारावर फारशी अवलंबून नव्हती. पाणबुडी कडे भेदून आत शिरण्याची शक्यता परिघाच्या प्रत्येक मैलामागे किती रक्षक नौका आहेत यावर अवलंबून होती. आणि आत शिरलेली पाणबुडी किती जहाजे बुडवेल हे तिच्याजवळचे टॉर्पेडो व वेळ यांवर ठरत होते, समोर चाळीस जहाजे आहेत की साठ यावर नव्हे. काफिल्यातील जहाजे दुप्पट केली की त्याचे क्षेत्रफळ दुप्पट होते, परिघ मात्र सुमारे १.४ पटच वाढतो. त्यामुळे त्याच रक्षक नौकांत मोठ्या काफिल्यांचे अधिक दाट रक्षण करता येते आणि बुडणाऱ्या जहाजांची संख्या तीच राहून प्रमाण घटते. शालेय भूमितीतले हे तथ्य युद्धाच्या चौथ्या वर्षापर्यंत कोणी या प्रश्नाला लावून पाहिले नव्हते. १९४३ च्या वसंत ऋतूपासून काफिले मोठे करण्यात आले आणि मोकळ्या झालेल्या रक्षक नौका पाणबुड्यांचा पाठलाग करण्यास उपलब्ध झाल्या.

पद्धती

१९४१ मधील एका टिपणात आणि १९४३ मधील दुसऱ्या टिपणात ब्लॅकेट यांनी आपली कार्यपद्धती मांडली. युद्धातील एखाद्या कृतीचे फळ अनेक चलांवर अवलंबून असते : विमानांची संख्या, वेग, उंची, बॉम्बचे वजन, चालकाचे कौशल्य, हवामान. या सर्वांना सामावणारे संपूर्ण समीकरण तत्त्वांपासून उभे करणे बहुधा शक्य नसते आणि उभे केले तरी त्यावर विसंबता येत नाही. म्हणून आज जे चालले आहे ते आधारबिंदू मानावे आणि प्रत्येक चलात थोडा बदल केल्यास फळ किती बदलते एवढेच शोधावे. गणिताच्या भाषेत हा प्रत्येक चलासापेक्ष अवकलज काढण्याचा प्रकार होय. काही अवकलज प्रत्यक्ष नोंदींतून मिळतात, काही गणनेने, काही छोट्या प्रयोगाने. ज्या चलाचा अवकलज सर्वांत मोठा आणि ज्यातील बदल सर्वांत स्वस्त, तेथे आधी हात घालावा. पुढे इष्टतमीकरणाच्या शास्त्रात रूढ झालेल्या पायरीपायरीने चढत जाण्याच्या पद्धतींशी या विचाराचे नाते उघड आहे.

याच टिपणांत एक इशारा होता. जुने शस्त्र टाकून नवे आणण्याची घाई हा जबाबदारी टाळण्याचा मार्ग ठरू शकतो. नवे शस्त्र कारखान्यातून सैनिकाच्या हाती येईपर्यंत महिने जातात, आणि हाती असलेल्या शस्त्राचा योग्य वापर अनेकदा तितकाच लाभ देतो. संशोधकांनी सेनापतीच्या कार्यालयाजवळ बसावे, त्यांना सर्व माहिती खुली असावी, मात्र निर्णय सेनापतीचाच राहावा, असा त्यांचा आग्रह होता.

बॉम्बफेकीचा वाद

१९४२ च्या वसंतात लिंडमन, जे आता लॉर्ड चेरवेल झाले होते, यांनी चर्चिल यांना एक टिपण दिले. जर्मन शहरांतील कामगारवस्त्यांवर बॉम्बफेक केल्यास १९४३ च्या मध्यापर्यंत जर्मनीच्या लोकसंख्येचा सुमारे एक-तृतीयांश भाग बेघर होईल आणि शत्रूचे मनोधैर्य खचेल, असा त्यातील अंदाज होता. टिझर्ड यांच्या मते हा अंदाज पाचपट आणि ब्लॅकेट यांच्या मते सहापट फुगवलेला होता. दोघांनी स्वतंत्रपणे हिशेब केले होते.

ब्लॅकेट यांनी पर्यायही मांडला. आइसलँडहून उडणारे एक दीर्घ पल्ल्याचे लिबरेटर विमान आपल्या सुमारे ३० उड्डाणांच्या आयुष्यात निदान अर्धा डझन व्यापारी जहाजे वाचवते. तेच विमान बर्लिनवर पाठवले तर १०० टनांहून कमी बॉम्ब टाकून काही घरे पाडते आणि थोडीशी माणसे मारते. कोणता उपयोग अधिक मोलाचा याविषयी हिशेबात शंका नव्हती. निर्णय मात्र त्यांच्याविरुद्ध गेला आणि बॉम्बफेकीला अग्रक्रम मिळाला. मार्क १४ यंत्र याच मोहिमेत वापरले गेले. अटलांटिकच्या मध्यभागी विमानसंरक्षण नसलेला पट्टा १९४३ मध्ये दीर्घ पल्ल्याच्या थोड्याच विमानांनी भरून काढला. त्या वर्षीच्या मे महिन्यात ४० हून अधिक पाणबुड्या गमावल्यावर जर्मनीने आपल्या पाणबुड्या उत्तर अटलांटिकमधून माघारी घेतल्या. युद्धोत्तर पाहणीत चेरवेल यांचे अंदाज ब्लॅकेट यांनी म्हटले होते त्याहूनही अधिक फुगवलेले असल्याचे दिसले. या प्रकरणात आपण आणखी झगडायला हवे होते, ही टोचणी ब्लॅकेट यांच्या पुढील लेखनात जाणवते.

अणुबॉम्ब

अणुबॉम्बची शक्यता तपासणाऱ्या मॉड समितीत १९४१ मध्ये ब्लॅकेट हे एकटेच असे सदस्य होते की ज्यांनी ब्रिटन स्वबळावर ठरलेल्या वेळेत बॉम्ब बनवू शकेल हे मान्य केले नाही. हे काम अमेरिकेबरोबर करावे, असे त्यांचे मत होते आणि घडलेही तसेच. युद्धानंतर ब्रिटनने स्वतःचा अणुबॉम्ब बनवू नये, असे निवेदन त्यांनी १९४५ मध्ये सरकारला दिले. पंतप्रधान अ‍ॅटली यांनी ते फेटाळले. १९४८ मधील अणुऊर्जेच्या लष्करी व राजकीय परिणामांवरील पुस्तकात त्यांनी पुन्हा हिशेबच मांडला : जर्मनीवर झालेल्या बॉम्बफेकीइतका विध्वंस करण्यास त्या काळचे शेकडो अणुबॉम्ब लागतील, म्हणून मोठ्या देशाविरुद्धचे युद्ध केवळ त्यांच्यावर जिंकता येणार नाही. हिरोशिमावरील हल्ल्यामागे सोव्हिएत संघाला शह देण्याचा हेतू होता, हे त्यांचे प्रतिपादन विशेष वादग्रस्त ठरले. पुस्तकावर टीकेचा भडिमार चालू असतानाच नोबेल पारितोषिक जाहीर झाले. हायड्रोजन बॉम्ब आल्यावर त्यांच्या त्या हिशेबातील आकडे मागे पडले, हेही नोंदवले पाहिजे.

भारताशी संबंध

जानेवारी १९४७ मध्ये भारतीय विज्ञान परिषदेच्या दिल्ली अधिवेशनासाठी ब्लॅकेट प्रथम भारतात आले. तेथे जवाहरलाल नेहरूंशी त्यांची भेट झाली आणि सैन्याच्या भारतीयीकरणावर चर्चा झाली. त्यातून त्यांना संरक्षणविषयक सल्लागार म्हणून बोलावण्यात आले. १९४८ मध्ये संरक्षणमंत्री बलदेव सिंग यांना त्यांनी अहवाल सादर केला.

या अहवालात त्यांनी शस्त्रांचे दोन वर्ग केले. जेट लढाऊ विमानांसारख्या शस्त्रांत शत्रूच्या शस्त्राहून थोडेही मागे असणे म्हणजे हरणे. अशा स्पर्धेत नवस्वतंत्र, गरीब देशाने उतरू नये. बंदुका, तोफगोळे, वाहने, दळणवळणाची साधने यांत मात्र सर्वोत्तम असण्याची गरज नसते आणि ती देशातच बनवता येतात. अण्वस्त्रे व रासायनिक शस्त्रे टाळावीत, असे त्यांचे मत होते. त्याच वर्षी दौलतसिंह कोठारी संरक्षणमंत्र्यांचे शास्त्रीय सल्लागार झाले आणि संरक्षण विज्ञान संघटना उभी राहिली. तिचे १९५८ मध्ये डीआरडीओत विलीनीकरण झाले. अर्थात, भारताने पुढे ब्लॅकेट यांच्या साऱ्या शिफारशी पाळल्या नाहीत. १९७१ पर्यंत ते अनेकदा भारतात आले. होमी भाभा यांच्याशी त्यांचा स्नेह होता.

दुसरा दुवा दख्खनच्या कातळाचा. फिरणाऱ्या प्रत्येक वस्तुमानाला चुंबकत्व असते, हा सिद्धांत ब्लॅकेट यांनी मांडला होता. तो पडताळण्यासाठी त्यांनी अतिसंवेदनशील चुंबकमापक बनवला. प्रयोगातून सिद्धांत खोटा ठरला आणि त्यांनी तो १९५२ मध्ये स्वतःच मागे घेतला. उपकरण मात्र खडकांतील प्राचीन चुंबकत्व मोजण्यास उत्तम होते. १९५३ मध्ये ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात आल्यावर त्यांच्या गटाने दख्खनच्या पठारावरील बेसाल्टचे नमुने तपासले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या विषयावर काम झाले. हे थर थिजले तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता, असा निष्कर्ष निघाला. खंडविप्लवाच्या त्या काळी उपेक्षित कल्पनेला मिळालेला हा महत्त्वाचा आधार होता.

उत्तरायुष्य

१९६० नंतर अण्वस्त्रयुद्धाच्या चर्चेत द्यूत सिद्धांतावर आधारलेल्या प्रतिमानांचा बोलबाला झाला, तेव्हा ब्लॅकेट हे त्यांचे कठोर टीकाकार बनले. महायुद्धातील हिशेब साधे असूनही उपयोगी ठरले, कारण त्यांच्यामागे शेकडो प्रत्यक्ष लढायांच्या नोंदी होत्या. जे युद्ध कधी झालेच नाही त्याच्या प्रतिमानात घातलेले आकडे कल्पनेतूनच येतात, मग गणित कितीही प्रगत असो, असा त्यांचा आक्षेप होता. हे लेखन १९६२ मध्ये युद्धविषयक अभ्यासांच्या संग्रहात प्रसिद्ध झाले.

१९६४ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने स्थापन केलेल्या तंत्रज्ञान मंत्रालयाचे ते सल्लागार होते. १९६५ ते १९७० या काळात ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांना १९५६ मध्ये कॉप्ली पदक आणि १९६७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला. १९६९ मध्ये त्यांना आजीव उमराव करण्यात आले. १३ जुलै १९७४ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. इम्पीरियल कॉलेजातील भौतिकशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेला आणि चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे.